सोपे प्रश्न, चकविणारी उत्तरे : कापडाच्या इतिहासातील काही नोंदी

शंभर वर्षांचे युद्ध किती वर्षे चालले, असा प्रश्न कोणी विचारला तर ऐकणाऱ्यास प्रथम हसू येते. उत्तर प्रश्नातच दिलेले आहे असे वाटते. परंतु इंग्लंड व फ्रान्स यांच्यातील हे युद्ध इ. स. १३३७ मध्ये सुरू झाले आणि १४५३ मध्ये संपले; म्हणजे ते एकशे सोळा वर्षे चालले. लढणाऱ्यांना आपल्या युद्धाचे हे नाव ठाऊकही नव्हते. ते फार पुढे इतिहासकारांनी दिले. रशियातील प्रसिद्ध ‘ऑक्टोबर क्रांती’चा वर्धापनदिन नोव्हेंबरमध्ये येतो, कारण त्या देशात १९१७ साली जुने जुलियन पंचांग चालू होते आणि तेथील २५ ऑक्टोबर म्हणजे इतर जगाचा ७ नोव्हेंबर होता. कॅनरी बेटांचे नाव कॅनरी पक्ष्यावरून पडलेले नाही. लॅटिन भाषेत कुत्र्याला जो शब्द आहे त्यावरून ते पडले, आणि पक्ष्याला पुढे बेटांचे नाव मिळाले. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचे पाळण्यातील पहिले नाव आल्बर्ट होते.

शाळांच्या स्नेहसंमेलनात किंवा मंडळांच्या प्रश्नमंजूषेत असे प्रश्न गंमत म्हणून विचारले जातात आणि हशा पिकला की विषय संपतो. वास्तविक पाहता या प्रत्येक चकव्यामागे काहीतरी घडलेले असते. आणि नावांचा हा चकवा जितका कापडाच्या बाजारात आढळतो तितका अन्यत्र क्वचितच आढळेल.

प्रारंभ टोपीपासून करावा. पनामा हॅट कोणत्या देशात तयार होते? पनामात नव्हे, तर दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या देशात. तेथे ‘तोकिया’ नावाच्या वनस्पतीच्या कोवळ्या पानांच्या तंतूंपासून ही टोपी हाताने विणली जाते. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता पसरली. तेथे जाणारे हजारो लोक पनामाची चिंचोळी भूमी ओलांडून जात आणि उन्हापासून बचाव म्हणून वाटेत ही टोपी विकत घेत. पुढे १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामा कालव्याचे काम पाहावयास गेले तेव्हाही त्यांच्या मस्तकावर तीच टोपी होती. मग तिचे नाव कोण बदलणार? युनेस्कोने २०१२ मध्ये या विणकामाची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली ती इक्वेडोरच्या नावे. टोपी मात्र आजही पनामाचीच म्हणवते. माल ज्या बंदरावर चढतो किंवा ज्या पेठेत विकला जातो त्याचे नाव त्याला मिळते. विणणाऱ्या हातांचे नाव मिळत नाही. व्यापाराचा हा फार जुना रिवाज आहे.

या रिवाजाचा लाभ एका बाबतीत मुंबईलाही झालेला आहे. इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणजे कामगार घालतात ती जाड, दणकट तुमान. हा शब्द मुंबईच्या डोंगरी भागावरून आला. तेथे विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होते. खलाशी त्याचे कपडे शिवीत, आणि शिडांसाठीही ते वापरले जाई. आज महाविद्यालयीन तरुण डंगरी परिधान करून परदेशी फॅशन केल्याच्या आनंदात फिरतात, तेव्हा ते वस्तुतः महंमद अली रोडच्या शेजारचे नाव अंगावर वागवीत असतात.

जीन्सची कथा याहून लांब आहे. ‘जीन’ हे नाव इटलीतील जिनोआ शहरावरून, तर ‘डेनिम’ हे फ्रान्समधील नीम शहराच्या कापडावरून आल्याचे सामान्यतः मानले जाते. तिचा निळा रंग ज्या नीळेचा, तिचे युरोपीय नाव ‘इंडिगो’ म्हणजे ‘हिंदुस्थानची’. आता प्रश्न असा की, जीन्सचे जनक म्हणून जगप्रसिद्ध असलेले लेव्ही स्ट्रॉस शिंपी होते की विणकर? उत्तर : दोन्हीही नव्हेत. ते सॅन फ्रान्सिस्को येथील कापडाचे घाऊक व्यापारी होते. त्यांच्याकडून कापड नेणारा जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी नेवाडा प्रांतातील रेनो गावी दुकान चालवीत असे. कष्टकऱ्यांच्या तुमानीचे खिसे वारंवार उसवतात हे पाहून त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकण्याची युक्ती काढली. माल हातोहात खपू लागला. पण या युक्तीचे पेटंट घेण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता. त्याने १८७२ मध्ये आपल्या कापडवाल्याला पत्र लिहिले आणि भागीदारीचा प्रस्ताव मांडला. २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे पेटंट मिळाले, तेही कापडाचे किंवा शिलाईचे नव्हे, तर केवळ त्या रिव्हेटचे. डेनिम मँचेस्टरहून येई; मात्र इंग्लंडच्या मँचेस्टरहून नव्हे, तर अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर प्रांतातील त्याच नावाच्या गावातून! शिंप्याचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. मात्र त्या व्यापाऱ्याने पत्र बाजूस न टाकता उत्तर धाडले, हेही विसरता येत नाही.

गिऱ्हाइकांच्या नित्य परिचयाचा मांजरपाट घ्यावा. त्याचा मांजराशी काहीही संबंध नाही. जुन्या मराठीत त्याचे ‘मादरपाट’ असेही रूप आढळते. इंग्रजीतील ‘शिंट्झ’ म्हणजे आपली छींट किंवा चीट, ‘बँडाना’ म्हणजे बांधणी, ‘नेनसुक’ म्हणजे नयनसुख आणि ‘कॅलिको’ म्हणजे कालिकतचे कापड. मलमलीला इंग्रजीत ‘मस्लिन’ म्हणतात. हे नाव इराकमधील मोसुल शहरावरून पडल्याचे मानले जाते. जगातील सर्वांत तलम मलमल मात्र ढाक्याची होती. ‘गिनी क्लॉथ’ हे कापड गिनीत, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, विणले जात नसे. ते विणले जाई कोरोमंडलच्या किनाऱ्यावर आणि पुढे पाँडिचेरीस. युरोपीय व्यापारी ते आफ्रिकेत नेत, आणि अठराव्या शतकात तेथे माणसांच्या खरेदीत जो माल मोबदला म्हणून दिला जाई त्यात हिंदी कापडाचा मोठा वाटा असे. खेड्यातील माग चालविणाऱ्या विणकराला आपल्या ताग्याच्या बदल्यात कोणी मनुष्य साखळदंडात जाणार आहे, हे कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

प्रत्येक मराठी घरात ओळखीची असलेली कोयरी इंग्रजीत ‘पेझली’ म्हणून ओळखली जाते. पैठणीच्या पदरावर, कुंकवाच्या चांदीच्या करंड्यावर, मेंदीच्या हातावर असणाऱ्या या आकृतीस स्कॉटलंडमधील एका गावाचे नाव का असावे? काश्मीरच्या शालींवर ही बुट्टी विणली जाई. अशी एक शाल विणण्यास वर्ष-दीड वर्ष सहज लागे. युरोपातील श्रीमंत स्त्रियांना तिचे वेड लागले. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ग्लासगोजवळच्या पेझली गावातील मागांवर तिच्या नकला निघू लागल्या. पुढे जकार्ड मागामुळे त्या आणखी स्वस्त झाल्या आणि नक्कल करणाऱ्या गावाचे नाव मूळ आकृतीला चिकटले. १८७० च्या युद्धानंतर फ्रान्समधील मागणी आटली, फॅशनही पालटली आणि काश्मीर व पेझली दोन्हीकडचे माग थंडावले. श्रीनगरच्या शालविणकरांचे हाल त्यापूर्वीच सुरू झाले होते. शालीवरील जबर करामुळे त्यांच्या हाती फारसे काही उरत नसे. २९ एप्रिल १८६५ रोजी त्यांनी या जाचाविरुद्ध मोर्चा काढला, फौजेने तो उधळला आणि त्यात अनेक विणकर मृत्युमुखी पडले. कोयरीच्या इंग्रजी नावात यातील काहीच दिसत नाही.

आता ज्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांचे चुकते तो प्रश्न. विदेशी कापडावर बंदी सर्वप्रथम कोणी आणली? आपल्याकडे याचे उत्तर ‘स्वदेशीच्या चळवळीत हिंदुस्थानने’ असे दिले जाते. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे एल्फिन्स्टन मिलच्या आवारात महात्मा गांधींच्या उपस्थितीत प्रचंड होळी पेटली. हे सर्व खरे आहे. परंतु बहिष्कार ही प्रजेची गोष्ट आणि बंदी ही सरकारची. विदेशी कापड अंगावर घालणे हाच गुन्हा ठरविणारा कायदा हिंदुस्थानात झाला नाही, तो झाला इंग्लंडमध्ये. आणि ते ‘विदेशी’ कापड होते आपले!

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीने गुजरात, कोरोमंडल आणि बंगालमधून छापील व रंगीत सुती कापड इतक्या प्रमाणात नेले की, इंग्लंडमधील लोकरीचे व रेशमाचे विणकर हवालदिल झाले. आपले कापड हलके, धुतले तरी रंग न सोडणारे आणि लोकरीपेक्षा स्वस्त. सरदारांच्या बायकांपासून मोलकरणींपर्यंत सर्वांना तेच हवे. पार्लमेंटने १७०० साली कायदा करून हिंदुस्थान, चीन व इराण येथील छापील सुती कापड आणि रेशीम यांच्या वापरास मनाई केली. असा माल इंग्लंडच्या वखारीत उतरवून परदेशी पाठविण्यास मात्र मुभा ठेवली. म्हणजे नफा हवा, कापड नको! परंतु कोऱ्या पांढऱ्या कापडावर बंदी नव्हती. व्यापारी ते हिंदुस्थानातून आणून लंडनजवळ छापून घेऊ लागले. कायद्यातील फट व्यापाऱ्याला सर्वप्रथम दिसते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती.

यामुळे विणकर अधिकच भडकले. १७१९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील विणकरांचे जमाव रस्त्यात उतरले. छापील सुती झगा घातलेली स्त्री दिसली की ते तिच्या अंगावरील वस्त्र फाडत, त्यावर शाई किंवा तेजाब फेकत. अखेर १७२१ मध्ये दुसरा कायदा झाला. छापील सुती कापड, मग ते कोठेही छापलेले असो, अंगावर घालणारास पाच पौंड दंड आणि विकणारास वीस पौंड. मलमल आणि संपूर्ण निळ्या रंगाचे कापड तेवढे या कचाट्यातून सुटले. फ्रान्सने तर अशी बंदी १६८६ मध्येच आणली होती आणि ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७७४ मध्ये बंदी सैल केली. तोवर तेथे सूतकताईची यंत्रे निघाली होती, म्हणून केवळ इंग्लंडमध्ये तयार झालेल्या सुती कापडास मोकळीक मिळाली. ते ओळखता यावे यासाठी त्याच्या दोन्ही किनारींत तीन निळे धागे विणण्याची सक्ती करण्यात आली. आज किनारीवर गिरणीचे नाव व कापडाची जात छापलेली पाहणाऱ्यांना हे धागे ओळखीचे वाटतील.

लोकरीच्या रक्षणाचा ध्यास त्या देशाला केवढा होता, याचे याहून विलक्षण उदाहरण आहे. मृतदेहाला कोणते कापड गुंडाळावे हे सरकारने ठरवून दिले होते, असा देश कोणता? उत्तर पुन्हा इंग्लंडच. १६६६ पासून झालेल्या कायद्यांनुसार प्रेत केवळ इंग्लंडच्या शुद्ध लोकरीच्या कफनात पुरणे बंधनकारक होते. तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र नातेवाईकांना द्यावे लागे. न दिल्यास पाच पौंड दंड होई. प्लेगने मेलेल्यांना व निर्धनांना यातून सूट असे. हा कायदा पुढे कोणी फारसा पाळीत नसे, तरी तो कागदावरून पुसला गेला १८१४ मध्ये. मेलेल्या माणसालाही गिऱ्हाईक करून सोडणारे हेच राष्ट्र पुढील शतकात जगाला मुक्त व्यापाराचे धडे देऊ लागले आणि लँकेशायरचे कापड हिंदुस्थानात नाममात्र जकातीवर, काही काळ जकातीवाचूनही, उतरू लागले.

हा उलटा प्रवास ध्यानात घेतल्यावाचून १९३० मधील मुंबईची ती घटना नीट समजत नाही. त्या वर्षी १२ डिसेंबर रोजी काळबादेवीत विदेशी कापडाने भरलेली मोटारलॉरी अडविण्यासाठी आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा तरुण गिरणी कामगार बाबू गेनू रस्त्यात आडवा आला आणि लॉरीखाली चिरडून मरण पावला. लंडनच्या विणकरांच्या बाजूने पार्लमेंट उभे राहिले होते. बाबू गेनूच्या वेळी सरकार लॉरीच्या बाजूस होते.

देशातील पहिली सुती कापडगिरणी कोठे निघाली, याचे उत्तर मुंबई असे हमखास येते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत गिरणी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे उत्पादन सुरू झाले, हे खरेच आहे. तथापि कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी फोर्ट ग्लोस्टर येथे १८१८ च्या सुमारास गिरणी निघालेली होती. मुंबईच्या गिरणीने जम बसविला, पुढे तिच्यामागे गिरण्यांची रांग लागली, म्हणून मान मुंबईला मिळाला. पहिला कोण यापेक्षा टिकला कोण, हे लोक लक्षात ठेवतात.

शेवटचा प्रश्न मुंबईच्या मैदानावर उभा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाचे सर्वांत उंच स्मारक मुंबईत कोणते? ऐकणारा गोंधळतो. राजाबाई टॉवर, हे उत्तर ऐकून तर अधिकच गोंधळतो.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण भागांत युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस याच दक्षिणेकडून येत असे. लँकेशायरचे चाते थांबले, लाखो कामगारांवर उपासमारीची पाळी आली आणि तेथील दलालांचे डोळे मुंबईकडे वळले. आपला कापूस आखूड धाग्याचा. तेथील कामगार त्याला ‘सुरती’ म्हणून नाक मुरडीत, कारण तो यंत्रावर वारंवार तुटे. पण दुसरा मिळतो कोठे? भाव तिप्पट-चौपट झाले. गाद्या-उशांतील कापूस काढून विकल्याच्या हकिकती त्या काळच्या आठवणींत सांगितल्या जातात. मुंबईत पैशाचा पूर आला आणि त्या पुरावर सर्वांत उंच तरंगले ते सुरतेहून आलेले जैन गृहस्थ शेठ प्रेमचंद रायचंद. विलायतेची डाक घेऊन येणारी आगबोट बंदरात लागण्यापूर्वीच ते लहान होड्या पाठवून भावाची बातमी मिळवीत, असे सांगतात. कापसातून पैसा शेअरमध्ये गेला. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात पोहोचला.

याच भरतीच्या काळात, १८६४ मध्ये, प्रेमचंदशेठनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला स्वतःचे नव्हे, तर आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. मातोश्रींची दृष्टी गेलेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळण्यासाठी त्यांना घड्याळाच्या टोल्यांचा आधार व्हावा, हा त्यामागील हेतू असल्याची हकिकत परंपरेने चालत आलेली आहे.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. बातमी मुंबईत पोहोचताच कापूस कोसळला. १ जुलै हा वायद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशी पेढ्यांमागून पेढ्यांनी हात वर केले. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली गेला. बँक ऑफ बॉम्बे सावरली नाही आणि १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. प्रेमचंदशेठचाही व्यवहार बुडाला आणि बुडालेल्यांचे शिव्याशाप त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी लोकांना मोहात पाडले हा आरोप इतिहासाने पूर्णपणे पुसलेला नाही आणि तो पुसण्याचे कारणही नाही. परंतु विद्यापीठास दिलेला शब्द पडझडीच्या आधी दिला गेला होता आणि रक्कमही कारणी लागली. १ मार्च १८६९ रोजी मनोऱ्याची कोनशिला बसली. नोव्हेंबर १८७८ मध्ये सुमारे २८० फूट उंचीचे काम पूर्ण झाले. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. या वास्तुविशारदाने मुंबई कधी पाहिली, असा आणखी एक प्रश्न येथे विचारता येईल. ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील ज्या व्हिक्टोरियन इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत विद्यापीठाच्या या वास्तूंचाही समावेश आहे.

प्रेमचंदशेठ त्यानंतर पुन्हा उभे राहिले, दलालीच्या व्यवसायात टिकले आणि १९०६ मध्ये निवर्तले. ओव्हल मैदानावर क्रिकेट खेळणारी मुले आजही मान वर करून वेळ पाहतात, ती राजाबाईंच्या घड्याळात.